नीरा डावा कॅनॉल : गावठाणाबाहेरच्या वस्त्या कुणी वसवल्या?

फाट्यावरचा

नमस्कार मंडळी. इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कॅनॉलच्या भरावाला खेटून आमची वस्ती आहे, मूळ गाव तिथून आत नदीच्या अंगाला. गावाला पांढरी आहे, वेस आहे, पडका का होईना वाडा आहे. वस्तीला काय आहे तर एक मारुती, एक मराठी शाळा, कॅनॉलची दगडी मोरी आणि मोरीवर संध्याकाळी बसणारी म्हातारी मंडळी, तीही आता कमी होत चालली.

झालंय असं की गावाच्या इतिहासाची एक पुस्तिका काढायचं यात्रा कमिटीने ठरवलंय आणि वस्तीबद्दल मी लिहावं असं ठरलं (म्हणजे मिटिंगला गैरहजर होतो म्हणून माझ्या गळ्यात पडलं). जुन्या कच्च्या लिखाणात आमच्या वाट्याला एकच वाक्य आहे, "कालवा आल्यानंतर येथे लोकवस्ती वाढली." बास. अरे पण कोण आलं, कुठून आलं, कशासाठी आलं, आधी कुणाचा माळ होता हा? आमच्याच वस्तीत माळी आहेत, मराठे आहेत, धनगर, वडार, महार-मांग सगळे आहेत, आणि निम्म्या लोकांची आडनावं मूळ गावात सापडत नाहीत. म्हणजे बाहेरून आलेत हे उघड आहे.

त्यात आता कॅनॉलच्या अस्तरीकरणाचं (गळती थांबवायला आतून अस्तर लावायचं) चाललंय, जुनं दगडी बांधकाम किती राहील देव जाणे. कुणाकडे काही माहिती, आज्याच्या गोष्टी, कागद असतील तर टाका. बारामती, पुरंदरकडचे पण चालतील, कॅनॉल एकच आहे.

---

सासवडी

चांगला धागा. आमचं घराणं मूळ सासवडचं, पणजोबा बारामतीच्या बाजूला कॅनॉलखाली आले ते तिथलेच झाले, म्हणून थोडं लिहितो.

डाव्या कॅनॉलला पाणी सुटलं १८८५ च्या सुमारास. आता गंमत अशी की पाणी दारात आलं म्हणून लोकांच्या उड्या पडल्या असं काही झालं नाही. काळ्या जमिनीत ज्वारी पेरायची, पाऊस झाला तर बरा, नाही तर नशीब, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. कॅनॉलचं पाणी घ्यायचं म्हणजे पाणीपट्टी भरायची, ऊस लावायचा म्हणजे बारा-चौदा महिने पैसा अडकवायचा, पेंड-खत घालायचं, गुऱ्हाळ लावायचं, एवढं भांडवल कुणाकडे होतं? आणि ऊस काय प्रकरण असतं हे माहिती कुणाला होतं?

सासवडच्या माळ्यांना माहिती होतं. विहिरीवर मोट हाकून बागाईत करणारी माणसं, उसाचा हात होता. ते कॅनॉलखाली आले, स्थानिक लोकांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावला. सुरुवातीला स्थानिक मंडळी त्यांच्याकडेच रोजगाराला गेली, तिथेच शिकली आणि मग आपल्या जमिनी परत घेऊन स्वतः ऊस करायला लागली. मग माळी पुढे सरकले. प्रवरेचा कॅनॉल झाला तिकडे गेले, गोदावरीचे कॅनॉल झाले तर कोपरगावकडे गेले, नीरेच्या उजव्या अंगाला पाणी येणार म्हटल्यावर माळशिरस तालुक्यात गेले. कॅनॉल पुढे जाईल तसे आमचे लोक पुढे. आमच्या भावकीत आजही नगर जिल्ह्यातले नातेवाईक निघतात ते यामुळेच.

तेव्हा फाट्यावरचा, तुमच्या वस्तीतले माळी बहुतेक याच लाटेतले. त्यांचं कुलदैवत विचारा, जावळं कुठं काढतात ते विचारा. जागा बदलली तरी देव बदलत नाही.

---

गॅझेटवाला

सासवडी यांनी पाणी सुटल्यानंतरचं लिहिलंय, पण त्याच्या आधीचं सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. कॅनॉल खोदला कुणी?

१८७६-७८ चा मोठा दुष्काळ. पुणे, सोलापूर, नगर सगळा भाग होरपळला होता. नीरा कॅनॉलचं काम सुरू झालं ते दुष्काळी काम म्हणून, म्हणजे उपाशी माणसांना मजुरी देऊन खोदकाम. या मजुरीचा इतिहास भयंकर आहे. सर रिचर्ड टेंपल नावाचा साहेब आला आणि त्याने १८७७ च्या सुरुवातीला दुष्काळी कामावरचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत, वर हातावर किरकोळ पैसे. दिवसभर माती उपसायची आणि एवढ्यावर जगायचं. मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरची हजारो माणसं याच्या निषेधार्थ कामं सोडून निघून गेली. लक्षात घ्या, उपाशी माणसांनी काम सोडलं. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारला पत्रांमागून पत्रं लिहीत होती.

तर आपण ज्या भरावावर मॉर्निंग वॉकला जातो तो या माणसांनी टाकलाय. त्यांच्यातले किती कॅनॉलकाठी राहिले, किती परत गेले याचा हिशोब कुणी ठेवला नाही. दगडाचं काम मात्र वडार, बेलदार यांचं, आणि हे लोक देखभालीच्या कामाला पुढेही लागत राहिले, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी वडारवस्ती कॅनॉलच्या कडेलाच असते. तुमच्याकडे पण आहे म्हणताय, बघा, कदाचित तुमच्या वस्तीतलं सगळ्यात जुनं घर त्यांचं निघेल.

बाय द वे, पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर बरोबर १८८५ साली छापलेलं आहे, तीन भागात, खंड अठरावा. नीरा कॅनॉलची ताजी ताजी माहिती आहे त्यात. आणि कॅनॉलला पाणी पुरवणारं भाटघरचं पहिलं धरण तेव्हा बांधून पुरं व्हायचं होतं. त्या धरणाच्या तलावाला एका इंजिनिअरच्या नावाने लेक व्हायटिंग म्हणायचे. आत्ताचं मोठं धरण नंतरचं, १९२८ चं, लॉईड धरण. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे.

---

टेलएंडचा

वाचून बरं वाटलं पण एक गोष्ट सगळे हेडवाले, म्हणजे कॅनॉलच्या तोंडाकडचे, विसरतात. आम्ही टेलचे, म्हणजे शेपटाकडचे. कॅनॉल शंभर मैलांच्या आसपास लांब आहे. निंबुत, सोमेश्वर, माळेगावला जे पाणी दिसतं ते आमच्याकडं पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते आम्हाला विचारा. वरचा माणूस मोटार टाकतो, पाईप टाकतो, आणि आमचं आवर्तन (पाण्याची पाळी) कोरड्या चारीत उभं राहून बघण्यात जातं. इतिहास म्हणाल तर टेलचा इतिहास वेगळा लिहायला पाहिजे. माझ्या आज्यापासून हीच रड ऐकतोय.

---

गॅझेटवाला

@टेलएंडचा, तुमची रड शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि तिच्यावर उपाय शोधणारा माणूस म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात पुण्याला होते तेव्हा, म्हैसूरला जायच्या आधी. नीरा कॅनॉलवर वरच्या थोड्या गावांनी ऊस लावून सगळं पाणी पिऊन टाकायचं आणि खालच्यांनी बघत बसायचं असं चाललं होतं. त्यांनी ब्लॉक पद्धत काढली. जमिनीचे ब्लॉक पाडायचे, ब्लॉकच्या ठराविक हिस्स्यातच ऊस, साधारण तिसऱ्या हिस्स्यात, बाकी भुसार आणि हलकी पिकं, आणि त्या बदल्यात सलग काही वर्षं पाण्याची हमी. म्हणजे तेच पाणी जास्त गावांना पुरेल आणि जमीन पण पाणथळ होणार नाही. १९०३-०४ च्या आसपासची गोष्ट. कागदावर इतकी शहाणी योजना परत झाली नसेल.

प्रत्यक्षात काय, ब्लॉक कुणाला मंजूर झाला यावरून गावागावात कोण मोठा आणि कोण बारका ते ठरलं. फाट्यावरचा, तुमच्या वस्तीत ब्लॉक कुणाकडे होते हे बघा. सुपीक जमीन कुणाची होती यापेक्षा ते जास्त सांगून जाईल.

---

शरयूताई

माझं माहेर माळेगावच्या बाजूचं. इतिहासाचं मला फार कळत नाही, गुऱ्हाळाचं लिहिते.

साखर कारखाने व्हायच्या आधी कॅनॉलचा ऊस म्हणजे गूळ आणि बारामतीची गुळाची पेठ. दिवाळी झाली की वस्तीत चुलवाण पेटायचं ते उन्हाळ्यापर्यंत. पुंड्या ऊस असायचा, जाडजूड, मऊ, खायला गोड, पोरं दिवसभर चोखत. चरकाला बैल. आमच्या आज्जीच्या सांगण्यात दोन माणसं नेहमी असायची, गुळव्या आणि जाळव्या. जाळव्या चुलवाणात चिपाड सारायचा, त्याचं तोंड कायम भाजल्यासारखं लाल. आणि गुळव्या म्हणजे राजा. काहिलीतल्या रसाला भेंडीचा चिकट चोथा टाकून मळी वर आणायची, ती झाऱ्याने काढत राहायची, आणि मग एक क्षण असा यायचा की तो काठीने थोडा पाक उचलून गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी करून बघायचा, आणि मालकाकडे न बघता नुसता "उतरा" म्हणायचा. मग काहील ओढायला माणसं धावायची. उशीर झाला तर पाक करपला, लवकर उतरवला तर ढेप बसत नाही, वर्षाची कमाई त्याच्या दोन बोटांवर. मालक सुद्धा त्याला अरे-तुरे करत नसे असं आज्जी सांगायची.

हा गुळव्या बाहेरगावचा असायचा. हंगामाला यायचा, बायकापोरं घेऊन, आणि त्यातले काही मग इथेच राहिले. त्यांना जमीन नव्हती, ब्लॉक नव्हता. कारखाने आले तसे गुऱ्हाळं बसली आणि गुळव्या मजूर झाला. माझ्या वर्गात अशा घरातली एक मुलगी होती, तिच्या वडिलांना सगळे गुळवे काका म्हणायचे, पण मी त्यांना कधी गूळ करताना बघितलं नाही, ते कारखान्याच्या यार्डात गाड्या लावायचे.

---

पाटकऱ्याचा पोरगा

नाव वाचून कळलंच असेल. वडील पाटकरी, म्हणजे शेतकऱ्यांना कॅनॉलचं पाणी वाटून देणारे, आम्ही कॅनॉलच्या चाळीत वाढलो. दगडी खोल्या, कौलारू, मागं चिंच, आणि थोडं लांब साहेबाचा इन्स्पेक्शन बंगला. बंगल्याच्या आवारात पोरांना जायला बंदी, म्हणून तिथले आवळे जास्त गोड.

लोकांना वाटतं कॅनॉलवर एक इंजिनिअर असतो आणि पाणी आपोआप येतं. अहो पूर्वी केवढी माणसं होती यावर. कालवा निरीक्षक, मोजणीदार, पाटकरी, चौकीदार, आणि कालवा टपाली, म्हणजे पाण्याच्या गेजचे आकडे आणि हुकूम घेऊन भरावावरून चालत किंवा सायकलवर जाणारा माणूस. वर किती सोडलं, खाली किती पोचलं हे तो सांगणार तेव्हा दार वरखाली व्हायचं. फोन आला, टपाली गेला.

पाटकऱ्याचं काम म्हणजे रोजची शिव्यांची भाकरी. शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरणार, मंजुरी येणार, मग शेजपाळी लावायची, कुणाचं पाणी किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठून दारं धरायची, कंदील, नंतर बॅटरी, थंडीत गुडघाभर चिखल, सरीत पाणी पुढं सरकतंय का नाही ते पायाला लागतं तेवढंच कळायचं. आणि त्याच वेळेला वरच्याने चारीचं दार हळूच उघडलं की खाली बोंब. मग दोघे जण पहाटे आमच्या दारात. आई चहा ठेवायची, दोघांना पण. भांडण चहानंतर.

वडिलांच्या वहीत सगळ्यांच्या पाळ्या लिहिलेल्या असायच्या, कुणी कुणाच्या नावावर पाणी घेतलं ते पण. कुणाची जमीन दुसराच कसतोय हे तलाठ्याच्या आधी पाटकऱ्याला कळायचं. त्या वह्या रिटायर झाल्यावर ऑफिसात जमा झाल्या, पुढं काय झालं कोण जाणे.

चाळ आता पडकी आहे. बाभळी उगवल्यात.

---

मॉडरेटर

धागा छान चालू आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत. डावा विरुद्ध उजवा कॅनॉल, कुणी कुणाचं पाणी पळवलं आणि कोणत्या नेत्याने पळवलं हा वाद राजकारणाच्या विभागात घालावा. फलटण-माळशिरसकरांनी इतिहास जरूर लिहावा, आकडे फेकू नयेत.

---

मळा नं. ४

मॉडरेटर साहेब, माळशिरसकर आहे, आकडे फेकत नाही. 😄

आमच्याकडं उजवा कॅनॉल उशिरा आला, पण आमची वस्ती माळ्यांनी नाही वसवली, कंपनीने वसवली. हे डाव्या बाजूला पण वालचंदनगरला झालंय.

१९३० च्या आसपास गुळाचे भाव पार कोसळले होते. १९३२ ला सरकारने बाहेरच्या साखरेवर, म्हणजे जावाच्या साखरेवर जकात लावून इथल्या साखरधंद्याला संरक्षण दिलं, आणि मग कॅनॉलच्या पट्ट्यात कारखान्यांचा पाऊसच पडला. वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर जे उभं केलं ते वालचंदनगर. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी स्वतः भांडवल जमवून १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली, तिचं गाव म्हणजे माळीनगर. श्रीपूर, फलटणकडची साखरवाडी ही पण याच काळातली. सहकारी कारखान्याची सुरुवात प्रवरानगरहून, ती १९५० ला, त्याच्या आधी हे सगळं होऊन गेलंय. लोकांना वाटतं महाराष्ट्रात साखर म्हणजे पहिल्यापासून सहकार. तसं नाही.

तर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या, हे झाले खंडकरी. त्या जमिनीचे मळे पाडले, मळ्याला नंबर, नंबरावर चाळ, चाळीत मजूर. भोंगा वाजला की कामाला. मुकादम, सुपरवायझर, हजेरी. मजूर कुठून कुठून आणले, मराठवाड्यातून, कर्नाटकच्या बाजूने, नगरकडून. आमच्या चाळीत कानडी बोलणारी आज्जी होती, पंढरपूरला जाता येईल म्हणून इथं राहिले म्हणायची.

मग १९६१ चा सीलिंग (कमाल जमीनधारणा) कायदा आला, कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ ला शेती महामंडळ झालं. ज्याची मूळ जमीन त्या खंडकऱ्याला ती लगेच मिळाली नाही. त्यांची दोन पिढ्यांची लढाई झाली आणि २०१२ पासून जमिनी परत मिळायला लागल्या. चांगलंच झालं. पण आता मला सांगा, चाळीत जन्मलेल्या मजुराचा पोरगा कुठला? मूळ गावाला त्याची जमीन नाही, मळ्याची जमीन खंडकऱ्याची, खोली सरकारी. कामगार दोन गुंठे घरासाठी मागून मागून म्हातारे झाले. खंडकऱ्यांचा इतिहास तरी कोर्टाच्या कागदात आहे. चाळीचा कुठं आहे?

---

टेलएंडचा

@मळा नं. ४, हे मात्र पटलं. पण मजुराला जमीन द्यायची म्हणजे परत आमच्या पाण्यात वाटेकरी 🙏

---

मळा नं. ४

तुम्हाला येतं का पाणी? मग वाटेकरी कशाचा.

---

सासवडी

हाहाहा. सामना बरोबरीत.

@मळा नं. ४, माळीनगरबद्दल लिहिलंत ते बरोबर. एक अॅड करतो, त्या कारखान्यात आधी गूळ करणारेच शेतकरी भागधारक होते, म्हणजे शेतकऱ्यांचाच कारखाना, फक्त कायद्याने जॉइंट स्टॉक कंपनी. सहकाराच्या गप्पांमध्ये हे नेहमी गाळलं जातं, आणि याचा मला राग आहे हे कबूल.

---

काळी जमीन

शेतीखात्यातून रिटायर झालो. सगळ्यांनी ऊस आणि गूळ लिहिलं, जमिनीचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही.

खोल काळ्या जमिनीला वर्षभर पाणी दिलं आणि निचरा नसला की खालचे क्षार वर येतात. उन्हाळ्यात शेतावर पांढरी पूड दिसते, मीठ शिंपडल्यासारखी. आधी ऊस पिवळा पडतो, मग उगवत नाही, मग बाभूळ सोडून काही येत नाही. हे नीरा खोऱ्यात कॅनॉल आल्यापासून पंचवीस वर्षांच्या आत दिसायला लागलं होतं. पुण्याच्या शेती कॉलेजातले हॅरॉल्ड मान १९१० च्या सुमारास याच खाऱ्या जमिनींचा अभ्यास करत होते. पुढे इंग्लिस नावाच्या इंजिनिअरने निचऱ्यावर मोठं काम केलं, चर काढणं, कुठल्या जमिनीला कॅनॉलचं पाणी द्यायचंच नाही हे ठरवणं. आणि १९३२ ला पाडेगावला ऊस संशोधन केंद्र झालं, नीरा स्टेशनपासून जवळ. तिथं काय फक्त उसाच्या जाती काढल्या असं नाही, कॅनॉलखालच्या जमिनींचा प्रश्न हा त्या केंद्राच्या जन्माच्या कारणांपैकी एक. आज उसाच्या ज्या जातीला सगळे ८६०३२ म्हणतात, तिचं दुसरं नाव "नीरा", ती पाडेगावचीच शिफारस, १९९६ ची.

आता वस्तीशी संबंध सांगतो. जमीन अशी चोपण (खारवट) झाली की मालक ती सोडून वर सरकायचा, आणि पडीक चोपणाच्या कडेला कोण घर बांधणार तर ज्याला दुसरीकडे कुणी जागा देत नाही तो. तुमच्या वस्तीचा नकाशा घ्या आणि कुठल्या आळीत विहिरीचं पाणी मचूळ आहे ते बघा. आळीचा आणि पाण्याच्या चवीचा संबंध लागेल, पैज लावतो.

अस्तरीकरणाबद्दल पण. गळती थांबली की टेलला पाणी जाईल, चोपण कमी होईल हे खरं. पण भरावाखालच्या विहिरी शंभर-सव्वाशे वर्षं त्याच पाझरावर चालल्यात, आणि ज्याला कधी कॅनॉलचं मंजूर पाणी मिळालं नाही तो बारका शेतकरी त्या पाझरावरच बागाईतदार झाला. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. म्हणून तर गावागावात भांडणं आहेत.

---

फाट्यावरचा

बापरे, एवढं सगळं निघेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

@काळी जमीन काका, पैज तुम्ही जिंकलात. खालच्या आळीचं पाणी मचूळच आहे, आणि तिथं गुळव्यांची, मजुरांची घरं. माळी आणि पाटील मंडळी वरच्या अंगाला.

@पाटकऱ्याचा पोरगा, आमच्या मोरीपाशी पण दोन दगडी खोल्या होत्या. आम्ही लहानपणी तिथं लपाछपी खेळायचो, कुणाच्या ते आज कळलं. कॅनॉल बंद झाला की डबक्यात मरळ, वांब धरायला सगळी वस्ती आत उतरायची, आणि पोहायला शिकवायची पद्धत म्हणजे पाठीला पत्र्याचा डबा बांधून मोरीवरून ढकलणे. आता कॅनॉलला पोहणारं पोर दिसत नाही.

पण प्रश्न तोच. माळ्यांचं कळलं, खंडकऱ्यांचं कळलं. ज्यांच्या नावावर सातबारा कधी नव्हताच त्यांचं कुठं शोधायचं? फेरफार बघितले, जमीनवालेच भेटतात त्यात.

---

हेडबाई

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली माझी, त्यातली बरीच वर्षं कॅनॉलपट्ट्यात. तुम्ही शाळेचं जनरल रजिस्टर बघितलं का? मुख्याध्यापकांकडे कपाटात असतं, कायमचं जपायचं दप्तर आहे ते. वस्तीवरची शाळा जुनी असेल तर त्यात तुमची सगळी माणसं आहेत. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, बापाचा धंदा, आधीची शाळा, आणि शाळा सोडल्याचं कारण. मजुरांची मुलं जास्त दिवस टिकायची नाहीत, पण नाव घातलं की नोंद राहते.

आमच्या एका शाळेच्या जुन्या रजिस्टरात शाळा सोडल्याच्या कारणापुढे पानंच्या पानं "परगावी गेला", "परगावी गेला". तारखा बघितल्या तर सगळे हंगाम संपल्यावर गेलेले. त्याच मुलांपैकी काही पुढच्या दिवाळीनंतर परत नाव घातलेली. आणि १९७२ च्या दुष्काळात उलटं, एकदम नवीन नावं भरपूर, जन्मगावं सगळी कोरड्या गावांची. कॅनॉलला काम आणि पाणी असेल म्हणून आलेली माणसं. सुकडी वाटायचो आम्ही त्या वेळी, रांगेत कोण कुठल्या गावचं ते मुलंच सांगायची.

रजिस्टर बघताना एक काळजी घ्या. जातीचा रकाना, जन्मतारखा, ही खाजगी माहिती आहे, पुस्तिकेत नावं छापू नका. कुठल्या गावाहून किती घरं आली, धंदे काय होते एवढं काढलंत तरी पुरे. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या, आणि समोर बसून बघा, घरी न्यायला मागू नका, देणार नाहीत आणि देऊ पण नये.

---

गॅझेटवाला

हेडबाईंना साष्टांग. गॅझेटियर वाचणाऱ्यांना हे सुचत नाही.

अजून दोन जागा. जुन्या मतदार याद्या, चाळीतला माणूस सातबाऱ्यात नसेल पण यादीत असतो, घर नंबरासकट. आणि पाटबंधारेच्या उपविभागीय ऑफिसात फाट्यांचे जुने नकाशे असतात, फाट्याचा नंबर, मैल, मोरी, चाळ सगळं दाखवलेलं. माळशिरसकडे "पंचवीस चार" असं अख्ख्या वस्तीचं नाव पडलंय, ते ऐकून बाहेरचा माणूस बावचळतो.

---

शरयूताई

आणि बायकांना विचारा हो कुणीतरी. सासरी आलेली बाई माहेरचं गाव विसरत नाही. वारीच्या दिवसात विचारा. तुकोबांची पालखी काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत याच पट्ट्यातून जाते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण असतं, बेलवाडीला गोल रिंगण. त्या दिवशी वस्तीवरच्या प्रत्येक घरात माहेरच्या गावच्या दिंडीतलं कुणी ना कुणी भाकरी खायला उतरतं. कुठल्या घरात कुठल्या गावची दिंडी, एवढं वहीत टिपलंत तरी कोण कुठून आलं त्याचा अर्धा नकाशा तयार होईल.

---

फाट्यावरचा

शरयूताई, हे भारी आहे. आमच्याकडं दरवर्षी परभणीकडचे लोक उतरतात, आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो, कशाचे पाहुणे हे कधी विचारलंच नाही.

सोमवारी शाळेत अर्ज देतो. यात्रा कमिटीला सांगितलं की चार ओळींचं चार पानं होतील, तर अध्यक्ष म्हणाले छपाईचा खर्च पानावर आहे, बघा कमी करता आलं तर. म्हटलं आधीच्या वाड्याच्या वर्णनाची दोन पानं कमी करा. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

---

टेलएंडचा

वाड्याची पानं कमी होणार नाहीत. वरचे लोक पाणी सोडत नाहीत, पानं सोडतील होय. पुस्तिका निघाली की एक कॉपी टेलला पाठवा, पोचली तर वाचू.